चार मिनिटं मागं

वडवणीच्या आठवडी बाजारात भर दुपारी शहादेवच्या डब्यातून धूर निघाला, आणि तो समोर दिसलं त्या दुकानात घुसला. ते यशोधराबाईंचं निघालं. जळालेल्या पंपांच्या मोटारींत त्या तांब्याची नवी तार भरून देत.

"काय हाय हे?"

"कालयंत्र. बटण दाबलं, की गेलेली वेळ परत येते."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आली का मग कुणाची?"

"अजून तरी... न्हाई."

बोलून गेला आणि त्याचे कानच तापले. त्रेसष्टाव्या वर्षी गिऱ्हाइकासमोर खरं बोलणं! असले डबे विकून पुढच्या बाजाराआधी गाव सोडायचं, हा त्याचा चाळीस वर्षांचा नेम. पण या वेळी पाय निघेना. डबा दुरुस्त झाला का, हे विचारायला तो रोज दुकानात जाऊन बसे आणि तासन्‌तास बडबडे. बाई तारेचे वेढे देत राहत. हसत नसत, चहा मात्र दोन मागवत.

आता बाजार उद्यावर आला होता. गेल्या बाजारात फसलेली माणसं उद्या त्याला शोधणार. डबा तिथंच टाकून, निरोपही न घेता, शहादेव एसटी स्टँडवर आला. बीडची गाडी लागलेली... आणि तेवढ्यात यशोधराबाई डबा घेऊन त्याच्या बाकावर येऊन बसल्या.

"न सांगता चाललात, शास्त्रज्ञ साहेब?"

डबा दोघांच्या मध्ये होता. त्यावर बाईंचा हात तसाच. शहादेव तिकिटाचे पैसे पुन्हा मोजू लागला. जावंसं वाटत नाही, एवढंच तर सांगायचं होतं! चार मिनिटं नुसती चुळबुळ करून तो म्हणाला, "तुमचे डोळे म्हणजे..."

"मोतीबिंदू काढलाय. पुढं?"

कंडक्टरनं घंटी दिली. गडबडीत शहादेवचं बोट बटणावर पडलं...

आणि उतरलेले प्रवासी पुन्हा गाडीत दिसू लागले, सांडलेला चहा चहावाल्या पोराच्या पेल्यात परत गेला, यशोधराबाई नुकत्याच येऊन बसत होत्या. "न सांगता चाललात, शास्त्रज्ञ साहेब?"

शहादेवला घाम फुटला. डबा खरंच चालत होता! दुसरा कुणी असता तर त्याला कोटी रुपये दिसले असते. याला दिसली फक्त आणखी एक संधी.

"दिल्लीत माझा बंगला हाय, बाई. तुमी आलात तर..."

"बंगलेवाला एसटीनं कशाला चाललाय?"

त्यानं बटण दाबलं. पुन्हा गाडी, पुन्हा बाई. "तुमच्यावाचून हे जग सुनं हाय..."

"आतापर्यंत किती जणींना म्हणलात?"

पुन्हा बटण.

चौथ्यांदा मात्र त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मी शास्त्रज्ञ न्हाई. सातवी नापास हाय. लबाड हाय, लई लोकांना फसवून आलोय. पण... मला जायचं न्हाई, यशोधराबाई. तुमच्या दुकानात बसावं वाटतंय. रोज."

घंटी वाजली. गाडी निघाली, फाटकातून वळली, दिसेनाशी झाली. हे काय बोललो आपण? शहादेवचा हात सुटला आणि बटणाकडे गेला. बाईंनी तो वरच्यावर धरला.

"आता नका दाबू. बरं निघालंय तोंडातून. बंगला लईच भंगार होता."

"तुमाला... आठवतंय?"

"डब्यावर हात माझाबी होता की!"

"पण हे चाललं कसं? मी तर आत नुसती जुनी मोटार..."

यशोधराबाईंनी तोंड फिरवलं. गालांवर लाली चढली होती, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

"डब्यातले वेढे उलटे पडले. तीस वर्षांत माझा एक वेढा चुकला न्हाई, साहेब. समोर तुमी बसलेले, आन् मी... तुमच्याकडंच बघत होते."

मग उठल्या. हात काही सोडला नाही.

"चला. उद्या त्या लोकांसमोर उभं ऱ्हायचंय. मीबी येते."