तारकर्लीतला संकेत

तारकर्लीच्या त्या घरगुती मुक्कामात ऋजुता घावनाचा पहिला तुकडा मोडत होती, तेवढ्यात तिच्या फोनवर हिरवा ठिपका उमटला. तिच्या नवऱ्याने, कौस्तुभने, मान पुढे करून पाहिलं आणि त्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

तिच्या दंडाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा वेधकण बसवलेला होता. तो तिच्या रक्तावर अहोरात्र नजर ठेवून असे. बीज फळलं, की ते गर्भाशयात रुजण्याआधीच रक्तात एक सूक्ष्म प्रथिन दिसू लागतं. वेधकण नेमकं तेच हुडकायचा आणि ते असेतोवर फोनवर हिरवा ठिपका दाखवायचा. पूर्वी बायकांना पाळी चुकल्यावर शंका यायची. आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळत होतं.

तोच ठिपका जळगावला सासूबाईंच्या फोनवरही उमटला होता. कुमुदिनीबाईंनी हौसेने मागितली म्हणून कौस्तुभनेच ती जोडणी करून दिली होती. त्यांचा फोन लगेच आला. त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग बजावलं, की होडीबिडीत बसायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, नुसतं पडून राहायचं. ऋजुता हो म्हणाली.

गेली काही वर्षं त्यांच्या सुट्ट्या वेधकणच ठरवत आला होता. 'योग्य दिवस' आले की रजा टाकायची, मिळेल ती गाडी पकडायची. माथेरानहून परतताना तिला खोलीचे पडदे तेवढे आठवत होते. या वेळी मात्र समुद्राच्या पोटातलं जग बघायचं, एवढी एकच गोष्ट तिने स्वतःसाठी मागून घेतली होती. होडी किनाऱ्याला लागलेली होती. कौस्तुभ घुटमळला.

"तासाभराने काय होणार आहे?" ती म्हणाली आणि फोन उशीखाली सारून निघाली.

पाणी खवळलेलं होतं. होडी आपटत, आदळत गेली. पण तोंडावर काच चढवून तिने डोकं पाण्यात घातलं आणि पट्टेरी माशांची एक झुंड तिच्या पोटाखालून सरकत गेली, तेव्हा तिला कशाचीच आठवण राहिली नाही. वर आल्यावर ती खळखळून हसली. कौस्तुभने तिला असं हसताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याने पटकन फोटो काढला.

खोलीवर येऊन तिने फोन बघितला, तर ठिपका नव्हता. फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी नव्हता.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला; त्यांच्याकडचाही ठिपका गेला असणार. त्यांनी काही विचारायच्या आतच तिच्या तोंडून निघून गेलं, "आम्ही कुठेच गेलो नाही हो आई. खोलीतच होतो."

त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. जेवून घ्या."

फोन ठेवल्यावर कौस्तुभने पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं, की होडीतला फोटो त्याने तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला होता. ओले केस, उघडं तोंड, हसणारी ऋजुता. सासूबाईंनी तो पाहिला होता आणि तरीही तिचं खोटं निमूट ऐकून घेतलं होतं.

जळगावला परतल्यावर तिची मान वर होईना. कुमुदिनीबाई टाकून बोलल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण त्या तिचं ताट वाढून ठेवत आणि आत निघून जात. शेवटी ऋजुताने ठरवलं, की वेधकण काढूनच टाकायचा. सासूबाई म्हणाल्या, मीही येते.

दवाखान्यात डॉक्टर नाझनीन तडवींनी सगळं ऐकून घेतलं. "होडीमुळे काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "असे कितीतरी गर्भ रुजायच्या आधीच विरून जातात. बहुतेक वेळा बीजातच काहीतरी उणं असतं. बाई अंथरुणात पडून असली तरी ते विरतात. पूर्वी हे कळायचं नाही, एवढाच फरक."

ऋजुताला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. तसं झालं नाही. ते जात होतं तेव्हा आपण हसत होतो, आणि नंतर खोटं बोललो, यावर डॉक्टरांकडेही औषध नव्हतं. वेधकण काढून घ्यायला तिने बाही वर सरकवली.

तेव्हा कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या, "मला कौस्तुभ लग्नानंतर नऊ वर्षांनी झाला. तोवर लोक मला वांझ म्हणायचे. मीसुद्धा स्वतःला तेच म्हणायचे." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "म्हणजे त्या वर्षांत माझ्याकडेही कुणी येऊन गेलं असेल?"

"असू शकेल," डॉक्टर म्हणाल्या. "किती, ते कुणीच सांगू शकणार नाही."

सासूबाईंचा चेहरा उजळला की मोडला, हे ऋजुताला कळेना. त्यांनी तिच्या उघड्या दंडावर हात ठेवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या तिच्याकडे थेट बघत होत्या.

"तू सांग, ऋजुता," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा हे कळत गेलं असतं, तर बरं झालं असतं का गं?"