नववा वाटा

शिवूच्या घराण्यात मटण न खाणारा माणूस आधी जन्मालाच आला नव्हता, त्यामुळे त्याला काय म्हणायचं हे कुणाला ठरवता आलं नाही. आजारी म्हणावं तर गडी धडधाकट. माळकरी म्हणावं तर अंडी मागून खायचा. शेवटी घरच्यांनी त्याचा विषय काढणं सोडून दिलं. बुधवारी आणि रविवारी त्याच्या ताटात निमूट पिठलं पडायचं, आणि समोरचे लोक नळी फोडायला लागले की तो ताट उचलून गॅलरीत जायचा. नळीतून तो मऊ ऐवज सुर्रकन ओढला जायचा तेव्हाचा आवाज गॅलरीतही यायचा. रस्त्याच्या पलीकडेही आला असता, असं शिवूचं मत होतं.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत हे चाललं. पुढंही चाललं असतं, पण मध्ये रेश्मा आली.

रेश्मा सात रस्ता चौकाजवळच्या एका लॅबमध्ये होती. रक्तालघवीच्या नमुन्यांपासून हातभर अंतरावर बसून ती पोहे खायची. तिला किळस हा प्रकार मुळात माहीत नव्हता, आणि शिवूला तो सोडून दुसरं फारसं काही माहीत नव्हतं. त्यामुळे दोघांचं छान जमलं. अडचण तिच्या वडिलांची होती. उदयसिंह अकलूजजवळ ऊस आणि केळी करायचे. पोराची नोकरी बघितली, घर बघितलं, आता ताट बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आधीचं एक स्थळ त्यांनी ‘रस्सा चमच्यानं पितो’ या कारणावरून परत धाडलं होतं. शिवूला येत्या रविवारी दुपारी जेवायला बोलावलं होतं, आणि तो जेवला नाही तर पुढची बोलणी नव्हती.

रेश्मानं त्याला सरळ विचारलं की ही किळस सुरू कुठून झाली. शिवूला ते तारीखवार माहीत होतं. एका पिक्चरपासून.

तो आठ वर्षांचा असताना ते शुक्रवार पेठेत राहायचे. तिथं ईश्वरप्पांची केबल होती. गल्लीला इंग्रजी कळत नाही म्हणून ईश्वरप्पा परदेशी पिक्चर स्वतःच्या आवाजात मराठी करून लावायचे. बायकांचे आवाज त्यांच्या बायको, काशम्मा, काढायच्या. तो पिक्चर खऱ्या घडलेल्या गोष्टीवरचा होता. फुटलेली बोट, बर्फाचं बेट, जिवंत उरलेले आठ खलाशी. खाण्याजोगं सगळं संपतं आणि मग ते मेलेल्या सोबत्यांकडे बघायला लागतात. शिवूला त्यातला एकच माणूस नीट आठवत होता. लाल टोपीवाला, काटकुळा. बाकीचे त्या मांसाभोवती गोळा झाले, तेव्हा तो एकटा पाठ फिरवून खडकाकडे तोंड करून उभा राहिला. त्यानं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवसापासून शिवूनंही खाल्लं नाही. एवढा मोठा निर्णय त्यानं एका टोपीवरून घेतला होता.

रेश्मा म्हणाली, परत बघ. लहानपणी डोंगराएवढी वाटलेली गोष्ट मोठेपणी ढेकळाएवढी निघते. आणि तरी जमलं नाही तर एक घास गीळ आणि उसात जाऊन ओक, ऊस काही बोलत नाही.

शनिवारी भर दुपारी शिवू शुक्रवार पेठेत गेला. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गटारात बसली होती. ईश्वरप्पा आता पंचाहत्तरीला आले होते. केबलचा धंदा कधीच बसला होता, पण सीड्या त्यांनी ठेवल्या होत्या, चादरीत बांधून, बाळंतविडा ठेवावा तशा. शिवूनं पिक्चरचं नुसतं वर्णन केलं आणि गाठ सोडणारा त्यांचा हात थांबला. मग त्यांनी गाठोड्यातली अगदी तळातली सीडी काढली. स्वयंपाकघरातून लसूण आणि भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. काशम्मा चटणी करत होत्या.

पिक्चर सुरू झाला आणि शिवूला हसू आवरेना. परदेशी नावं ईश्वरप्पांच्या तोंडात बसेनात, म्हणून खलाशांना गल्लीतली नावं दिलेली होती. दाढीवाला गोरा कप्तान हाशम होता. त्याचा मदतनीस ज्ञानबा. बोट फुटल्यावर हाशम म्हणाला, “अय्यो, लई थंडी हाय की वो.” ज्ञानबा म्हणाला, “स्वेटर आनला न्हाई का?” खाली बर्फात एक जण मरत होता आणि मागे स्पष्टपणे पेठेतल्या यंत्रमागांची खटखट ऐकू येत होती.

ईश्वरप्पा अभिमानानं सांगत होते. चावण्याचा आवाज त्यांनी शिळी भाकरी पाण्यात भिजवून, माईकपाशी तोंड नेऊन काढला होता. अकरा वेळा काढावा लागला. घरात कधी अंडंसुद्धा आणलेलं नाही, आणि हे करून रात्री त्यांना जेवण गेलं नव्हतं. शिवूनं कौतुकानं मान हलवली.

मग ईश्वरप्पा उठले. म्हणाले, आलोच, आणि आत गेले. आत मिक्सर सुरू झाला.

पडद्यावर बर्फात मांसाचे ढीग मांडलेले होते. सीडी जुनी, चित्र फुटत होतं, मांसाचे लहान लहान चौकोन होऊन परत जुळत होते. एका ढिगाला कातडीचा तुकडा लागलेला होता आणि त्यावर केस होते. ढिगांभोवती माणसं उकिडवी बसली होती. लाल टोपीवाला पाठ करून उभा होता.

एक आवाज म्हणाला, “हा कुणाचा?”

लाल टोपीवाला खडकाकडे बघतच म्हणाला, “हाशमचा.”

हाशमनं ढीग उचलला.

“हा कुणाचा?”

“ज्ञानबाचा.”

शिवूला कळायला थोडा वेळ लागला. टोपीवाला नको म्हणून तोंड फिरवून उभा नव्हताच. तो वाटे घालत होता. मोठा वाटा कुणाला, छोटा कुणाला यावरून भांडण नको, म्हणून एकानं ढिगावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्यानं न बघता नाव घ्यायचं. आठव्या वाट्याला त्यानं स्वतःचं नाव घेतलं, वळला, बसला आणि इतरांपेक्षा जास्त भरभर खायला लागला. ज्याच्यामुळे शिवूनं वीस वर्षं पिठलं खाल्लं तो हा माणूस.

शिवूला फसवल्यासारखं वाटलं, आणि जरा हलकंही.

तेवढ्यात सीडी अडकली. चित्र मागं गेलं. टोपीवाला परत पाठमोरा उभा. ढीग परत मांडलेले. शिवूनं सहज मोजले. नऊ होते.

नावं परत सुरू झाली. आठ नावं झाली. टोपीवाला या वेळी वळला नाही.

“हा कुणाचा?” आवाज म्हणाला.

टोपीवाल्याची मान किंचित कलली. कुणीतरी सांगेल म्हणून कान द्यावा तशी.

“हा कुणाचा?”

आतून काशम्मांचा आवाज आला, “साकु, साकु. पुरे. बंद करा ते.” ईश्वरप्पांनी येऊन प्लगच ओढला. त्यांच्या बोटांना चटणी लागलेली होती.

शिवूनं विचारलं की सीडी नेहमी तिथंच अडकते का. ईश्वरप्पा म्हणाले, आजच अडकली. मग त्यानं विचारलं की तो प्रश्न विचारणारा आवाज कुणाचा काढला होता.

“मी तितं बोललोच न्हाई,” ईश्वरप्पा म्हणाले. “मूळ पिक्चरमधी तितं नुसता वारा हाय. हिला इचार. तितं आलं की ती मिक्सर उगंच लावती का?”

घरी जाताना शिवूनं ठरवलं की म्हाताऱ्यांना विसर पडला आहे. फोनवर रेश्माही तेच म्हणाली.

रविवारी उदयसिंहांच्या मळ्यात पोचला तेव्हा बोकड सोललेला होता. पत्र्याच्या शेडमध्ये मुंडकं एका घमेल्यात, वजडी दुसऱ्यात. वजडीवरून वाफ निघत होती आणि माश्यांना तिथं बसायचं की मुंडक्यावर, हे ठरत नव्हतं. शिवूनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली. मग वासाची चव लागायला लागली, म्हणून परत नाकानं.

आठ घरांत मिळून बोकड पाडला होता. केळीच्या पानांवर आठ वाटे मांडले होते. उदयसिंह हातातली सुरी पुसत म्हणाले की पाठ करून नावं घ्यायला माणूस परका लागतो, ज्याचा वाट्यात वाटा नाही असा. म्हणजे पक्षपात होत नाही.

“पावणं, तुमीच व्हा उभं.”

हा मान होता, हे रेश्माच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं त्याच्याकडून आठ नावं दोनदा पाठ करून घेतली. शिवू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीला चुना होता. पांढरा, खरबरीत.

“हा कुणाचा?” उदयसिंह म्हणाले.

“कोंडीबाचा.”

मागं पान उचलल्याचा आवाज. रक्ताचा थेंब मातीत पडल्याचाही, किंवा शिवूला तसं वाटलं.

“हा कुणाचा?”

“तानाबाईचा.”

असं आठदा झालं. नावं बरोबर आली. शिवूनं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासाची वाफ त्याला भिंतीवर दिसली. मे महिना होता.

“हा कुणाचा?”

हा उदयसिंहांचा आवाज नव्हता.

शिवू वळला नाही. मान आपोआप थोडी कलली. कुणी काही सांगितलं नाही.

“हा कुणाचा?”

कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं. आठ नावं संपली होती. रेश्माचं नाव जिभेवर आलं आणि शिवूनं दात मिटले. तिसऱ्यांदा विचारलं जाण्याच्या आत तो म्हणाला,

“माझा.”

मागं काहीच झालं नाही. मग उदयसिंह त्याच्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं हसले. पावण्याला वाट्याची फार घाई, असं सगळ्यांना सांगत सुटले.

पंगत बसली. इथून पुढचं शिवूला नीट आठवतं. ताटात खारं मटण आलं, शेजारी भाकरी, वाटीत तर्री. त्यानं वास घेतला आणि वाट बघितली. किळस आली नाही. पहिला घास खाल्ला. मग भाकरी बाजूला ठेवली, कारण ती मध्ये येत होती. समोर बसलेली रेश्मा आधी हसली. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हाही हसली. उदयसिंह खुशीत होते. जेवणारा माणूस खोटं बोलत नाही, ते म्हणाले, आणि जूनमधला मुहूर्त काढायला ब्राह्मणाला फोन करतो म्हणून ताटावरून तसेच उठले.

चौथ्यांदा वाढायला रेश्माची आत्या, गोजरबाई, आली. तिनं पळी शिवूच्या ताटावर धरली आणि थांबली. पंगतीत बाकी प्रत्येकाच्या ताटाशेजारी हाडांचा ढीग होता. तिनं शिवूच्या ताटाशेजारी बघितलं. मग ताटाखाली. मग पाटामागं.

“पावणं,” ती हळूच म्हणाली, “हाडं कुटं टाकली?”

शिवूनं जिभेनं दात चाचपले. काही टोचत नव्हतं. उत्तर द्यावं म्हणून त्यानं वर बघितलं, पण नजर तिच्या तोंडापर्यंत गेली नाही. मध्येच, पळी धरलेल्या मनगटावर राहिली.

गोजरबाईनं रस्सा वाढला नाही. तिनं पळी पातेल्यात सोडली आणि हात पदराखाली घेतला.