डाऊवेसाठी पायऱ्या

तिनेके माझ्या दुकानात आली ती पंक्चर झालेली सायकल ढकलत. १९९७च्या नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता आणि तिच्या पापण्यांवर थेंब होते. हॉलंडमध्ये, डेव्हेंटर गावात माझं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. हिवाळ्यात मी स्केट्सना धारही लावून द्यायचो.

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं. तोवर स्टोव्हपाशी उभ्या राहा."

ती स्टोव्हपाशी गेली आणि भिंतीवरचा फोटो बघू लागली. बुडापेस्टचा पूल, बर्फातला. सायकल क्लबबरोबर मी गेलो होतो तेव्हाचा.

"हिवाळ्यात गेला होतात?"

"दोनदा."

"मग तुम्हीच हवे आहात मला," ती म्हणाली, आणि लगेच लाल झाली. "म्हणजे... माहितीसाठी हो! जानेवारीत जायचंय. तीन रात्री. विमान, हॉटेल सगळं झालंय. पण तीन दिवस करायचं काय, तेच सुचत नाहीये."

"एकट्याच जाताय?"

"छे. डाऊवे आहे ना."

माझ्या हातातली ट्यूब बादलीत निसटली. हा डाऊवे कोण, ते तिथेच विचारायला हवं होतं. पण आमच्याकडे असलं कुणी विचारत नाही. समोरचा सांगेल तेवढंच ऐकायचं.

तिने पिशवीतून डायरी काढली. "बुधवारी साडेसात ते नऊ मी मोकळी आहे. कॉफी देईन."

बुधवारी साडेसातला मी तिच्या दारात होतो. तिने कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला. मी एक घेतलं, तिने एक घेतलं आणि झाकण लावलं. आमच्याकडे एकच मिळतं. मग नकाशा पसरला.

"डाऊवेला काय आवडतं?" मी विचारलं.

"गरम पाणी. नदी. आणि मी," ती हसली.

"देखणा असेल."

"खूप! आई म्हणायची, असा माणूस शोधूनही सापडायचा नाही."

म्हणजे आईलाही पसंत होता. मी चाळिशीला टेकलो होतो, नखांत वंगण, आणि या बाईला भेटून आठच दिवस झाले होते. मला हेवा वाटायचा काय हक्क होता? पण वाटत होता. त्या डाऊवेला मी सुखाने फिरू देणार नव्हतो.

पेन्सिल घेतली आणि पहिल्या दिवशी मोठ्या चर्चचा घुमट लिहिला, तीनशे पायऱ्या. तिथे लिफ्ट आहे हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडी, पायी. वर बस जाते हेही माहीत होतं. संध्याकाळी होडी, ती उघड्या डेकवर. गरम पाण्याची स्नानगृहं मी शेवटच्या दिवशी, विमानाआधीच्या तासाभरात टाकली. दोघं थकतील, गारठतील, एकमेकांवर चिडतील. एवढंच मला हवं होतं.

"बापरे, किती चालणं!" तिनेके म्हणाली.

"पायी गेल्याशिवाय शहर कळत नाही." मी चक्क खोटं बोललो, आणि तिने ते नीट अक्षरात उतरवून घेतलं.

दुसऱ्या बुधवारी तिने बिस्किटांच्या डब्याला झाकण लावलंच नाही. डबा उघडाच राहिला, आमच्या दोघांच्या मधे. मी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काय बघतोस? घे की," ती म्हणाली. "आणि ते 'अहो-जाहो' पुरे आता."

मी दुसरं बिस्किट उचललं तेवढ्यात फोन वाजला.

"डाऊवे! हो रे... लोकरीचे मोजे घालून झोप. नाही, कुणी नाही, सायकलवाला आलाय. हो, तोच... गप रे!" आणि ती खुदकन हसली.

कुणी नाही. सायकलवाला. मी ते बिस्किट परत डब्यात ठेवलं आणि घरी गेल्यावर होडीची वेळ आणखी उशिराची करायचं ठरवलं.

तिसऱ्या बुधवारी मी तिच्या संडासात गेलो. आमच्याकडे प्रत्येक घरात संडासाच्या दाराला आतून वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर वार नसतात, साल नसतं, फक्त तारखा. एकदा टांगली की वीस-तीस वर्षं चालते. समोर बसलं की वाचावीच लागते.

वर जानेवारीचं पान होतं. तिनेके महिना आधीच उलटून ठेवायची. अठरा तारखेसमोर लिहिलं होतं: डाऊवे, १९२१.

मी हिशेब केला. पुन्हा केला. शहात्तर.

मग मार्चचं पान उचललं. चार तारखेला 'आई', आणि शेजारी शाईने काढलेला छोटा क्रूस, माणूस गेल्यावर काढतात तसा. क्रूसाची शाई नावापेक्षा ताजी होती.

किती वेळ बसलो कुणास ठाऊक. दारावर टकटक झाली.

"हार्मेन? बरं आहे ना रे?"

"तिनेके," मी आतूनच म्हणालो, "डाऊवे... कोण आहे?"

"संडासातून विचारतोस? अरे, आईचा नवरा. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून त्याला नावानेच हाक मारते." मग आवाज उतरला. "आई एप्रिलमध्ये गेली. दर हिवाळ्यात दोघं म्हणायचे, पुढच्या वर्षी बुडापेस्ट. त्याचा हा पहिला हिवाळा आहे एकट्याचा. म्हणून नेतेय."

मी बाहेर आलो. गुपचूप बेत बदलावा, असं मनात आलं. 'जरा सुधारणा केली' म्हटलं असतं की संपलं. तिला कधीच कळलं नसतं.

"तुझा कागद मी त्याला पाठवला ना," ती सांगत होती, "तेव्हापासून रोज घराचा जिना वीस वेळा चढतोय. तुझ्या त्या टेकडीसाठी. गुडघा सुजलाय, पण ऐकत नाही. म्हणतो, तुझ्या आईला शब्द दिलाय, वरून नदी बघायचीच."

मग मला गप्प राहता आलं नाही.

"टेकडीवर बस जाते," मी म्हणालो. "घुमटाला लिफ्ट आहे."

"मग लिहिलं का नाहीस?"

"मला वाटलं तो... तुझा... मला तुमचं भांडण व्हायला हवं होतं."

तिनेकेने बिस्किटांच्या डब्याला झाकण लावलं. दोन्ही हातांनी, घट्ट.

"घरी जा, हार्मेन."

मी गेलो. रात्रभर बसून नवा कागद लिहिला. कुठली बस, कुठे बाक, कुठे लिफ्ट, कुठे सूप गरम मिळतं. गरम पाणी तिन्ही दिवशी. होडी दुपारची, काचेआडची. खाली लिहिलं: 'मला हेवा वाटला. चूक झाली.' सकाळी तिच्या पत्रपेटीत टाकला.

दहा दिवस काहीच नाही. त्या दहा दिवसांत मला ट्यूबमधलं भोक धड सापडत नव्हतं.

मग एका शनिवारी दुकानाचं दार उघडलं. आधी एक काठी आत आली, तिच्यामागे उंच, वाकलेला म्हातारा. त्याच्यामागे तिनेके, ओठ दाबून.

"हाच का तो जिनेवाला?" म्हातारा म्हणाला.

"माफ करा—"

"माफी राहू दे. माझा हेवा करून चाळीस वर्षं झाली असतील कुणाला! बायको असती तर तिला सांगून सांगून पिडलं असतं." तो स्टोव्हपाशी बसला. "ऐक. मला बस नको. जिना चढून चढून गुडघा तयार झालाय, टेकडी मी पायीच चढणार. पण मागून धरायला कुणीतरी लागेल. हिच्याच्याने नाही व्हायचं."

मी तिनेकेकडे बघितलं. ती फोटोतला पूल बघत होती.

"विमानात अजून जागा आहे," ती पुलालाच म्हणाली. "विचारून ठेवलंय."

"आणि तू? तू रागावली आहेस ना?"

"आहेच. पण बुधवारी ये. कॉफीला."

बुधवारी मी हात धुवायला म्हणून संडासात गेलो. फेब्रुवारीचं पान चिमटा लावून मुद्दाम समोर ठेवलं होतं. नऊ तारखेसमोर, नीट अक्षरात: हार्मेन, १९५७. ती तारीख मी तिला कधीच सांगितली नव्हती. माझ्या दुकानापलीकडच्या बेकरीवाल्याला ती विचारून आली होती.

बाहेर आलो तेव्हा डबा उघडाच होता.

डाऊवे टेकडी चढला. चार ठिकाणी बसला, दोनदा मला शिव्या घातल्या, आणि वर पोचल्यावर टोपी काढून बराच वेळ नदीकडे बघत राहिला. तिनेकेने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला. थंडी फार होती.

ती दिनदर्शिका अजून तिथेच टांगलेली आहे. सत्तावीस वर्षं ते घर आमचं होतं. डाऊवे गेला तेव्हा त्याच्या नावासमोर क्रूस तिनेकेने रेखला. ऑक्टोबरच्या पानावर तिचं नाव आहे. गेल्या मे महिन्यात, ती गेल्यावर, पेन घेऊन त्या पानासमोर मी बसलो होतो. क्रूस अजून रेखलेला नाही.

पूर्वी मला डाऊवेचा हेवा वाटला तो चुकीचा होता. आता खरा वाटतो. त्याच्या पहिल्या हिवाळ्यात त्याला न्यायला तिनेके होती.

जानेवारीत मी बुडापेस्टला निघालोय. तीन रात्री. विमान, हॉटेल झालंय. टेकडीवर बस जाते, हे मला माहीत आहे.

गेले दोन आठवडे मी घराचा जिना रोज वीस वेळा चढतोय.