पारनाक्यावरचं उदोन

रोझलिन सुक्या मांदेलीवरच्या माश्या हाकलत बसली होती. तेवढ्यात समोरच्या माणसाने एक मांदेली उचलली, मधोमध मोडली आणि नाकाशी धरली. मग दुसरी. मग तिसरी... फेब्रुवारीतली सकाळ, वसईच्या बाजारात ही गर्दी, आणि हा डोळे मिटून अत्तर हुंगावं तसा सुका मासा हुंगत होता.

"घ्यायची तर घ्या," ती म्हणाली. "मोडलेली मांदेली मी कोनाला विकू?"

तो ओशाळला आणि लगेच हसलाही. त्याचं नाव कॉन्रॅड, जवळच्याच गिरीज गावचा. जपानमध्ये ओसाकाच्या एका हॉटेलात तो चार वर्षं स्वयंपाकी होता. आता पारनाक्यावर त्याने उदोनचं छोटंसं हॉटेल टाकलं होतं. उदोन म्हणजे मैद्याच्या जाडजूड नूडल्स, माशाच्या पातळ रश्श्यात. तिकडे तो रस्सा सुक्या बारीक माशांचा करतात, आणि इथे त्याला मनासारखा मासा सापडत नव्हता. तिने अर्धा किलो मांदेली बांधून दिली आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

दोन दिवसांनी ती पारनाक्यावर गेली, ती नुसती बघायला... असं तिने स्वतःला सांगितलं. दार उघडंच होतं. आत कॉन्रॅड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पिठाच्या गोळ्यावर चक्क नाचत होता.

"पायांनी मळता?"

"हातांचा जोर पुरत नाही. पाय धुतलेत," तो म्हणाला. "बसा ना."

ती बसली. वाडगा आला, सोबत दोन लाकडी काड्या. नूडल तीनदा निसटली. तिला हसू नये म्हणून कॉन्रॅडने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि नेमकं तेच तिला आवडलं. मग त्याने सांगितलं, की सुर्रकन ओढायचं. तिकडे आवाज केला म्हणजे जेवण आवडलं असं समजतात. रोझलिनने ओढलं, रस्सा हनुवटीवर उडाला, आणि तिने वाडगा खाली ठेवून सरळ सांगून टाकलं की रस्सा कडवट लागतोय. मांदेली आधी डोकी काढून तव्यावर भाजून घ्यायला हवी. त्याने वाद घातला नाही, तवाच चढवला. दुसरा वाडगा तिने तळापर्यंत संपवला.

मग मांदेली पोचवायला ती स्वतःच जाऊ लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. पण गिऱ्हाईक येई, शेजवान आहे का विचारी आणि निघून जाई. एके दुपारी टेबल पुसता पुसता, मान वर न करता, कॉन्रॅडने सांगितलं की ओसाकाहून जुन्या मालकाचा फोन आला होता. जागा अजून रिकामी आहे. ईस्टरच्या आत कळवायचंय.

रोझलिनला त्याला थांबवावंसं वाटलं. थांब म्हणायचं... पण कोणत्या नात्याने? ती म्हणाली ते वेगळंच. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झालाय, दर शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना संपली की माणसं भुकेलेली बाहेर पडतात, आणि त्या दिवशी मटण-चिकन तर वर्ज्य.

"मासा चालतो," ती म्हणाली. "आनि तुझ्याकडे मासाच तर हाय."

पहिल्या शुक्रवारी ती अकरा जणांना घेऊन आली. त्यांत तिची आई मार्गारेटही होती. तिने काड्या बाजूला सारल्या, चमचा मागितला आणि शेवटी वाडगाच तोंडाला लावला. तिसऱ्या शुक्रवारी उभं राहायला जागा नव्हती. रोझलिन ओढणी खोचून वाडगे पोचवत होती. अरुंद जागेत तिचं कोपर त्याच्या कोपराला लागलं... दोनदा चुकून. तिसऱ्यांदा चुकून नव्हे.

ओसाकाचा विषय मात्र त्याने काढला नाही, आणि तिला विचारायचा धीर झाला नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी ती पाचूबंदरला किनाऱ्यावर मांदेली वाळत घालत होती. स्कूटर थांबली. कॉन्रॅड येऊन शेजारी उभा राहिला.

"ओसाकाला फोन केला."

तिचे हात थांबले नाहीत. "मंग... कदी निघनार?"

"नाही निघणार. नाही म्हणून कळवलं."

आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ भीतीही. "माझ्यासाठी नको थांबू, कॉन्रॅड. उद्या हाटेल नाय चाललं, तर माझं तोंड बघून तुला तेच आठवेल."

"हॉटेलसाठीच थांबलोय," तो म्हणाला. "तुझ्यासाठी थांबायची गरज नव्हती. तुझ्यासाठी मी ओसाकाहूनही परत आलो असतो... विचारायला."

"काय विचारायला?"

"लग्न करशील माझ्याशी?"

रोझलिनने हातांकडे पाहिलं. बोटांवर चंदेरी खवले चिकटले होते. ती 'हो' म्हणाली, पण इतकं हळू, की त्याला खाली वाकावं लागलं.

"हो म्हटलं," ती पुन्हा म्हणाली. "आता आईला सांग. मगाधरनं मागं उभी हाय ती."

कॉन्रॅड गर्रकन वळला. मार्गारेट कमरेवर टोपली घेऊन उभी होती. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"उद्या ईस्टर," ती म्हणाली. "जेवायला ये. आनि येताना तुझ्या आईबापाला घेऊन ये."