बोगद्यातली पणती

आमचा खेळ नुसता शब्दांचा. पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही. 'तुम्ही नदीकाठी आहात, उत्तरेला बोगदा आहे' असं वाक्य उमटायचं. आपण 'उत्तर' टाइप केलं की पुढची जागा. दादाने वीस वर्षांपूर्वी तो रचला. पण आताशा नवं माणूस काळा पडदा बघूनच पळायचं. नऊ खेळाडू उरले, तेव्हा दादा म्हणाला, "वर्षअखेरीला कुलूप घालू."

मी हट्टाने सोपी खिडकी बनवली. बाजूला नकाशा, खाली बटणं, देखणी अक्षरं. जुन्यांच्या यंत्रांवरही ती आपोआप बसली. पहिल्याच आठवड्यात साठ नवे खेळाडू आले. दादा हवेत होता.

मग तक्रारी सुरू झाल्या. 'बोगद्यात कोणीतरी आहे.'

दुपारी आम्ही दोघं आत शिरून पाहिलं. बोगद्याच्या टोकाशी एकच ओळ उमटत होती, थांबून थांबून.

पणती भिंतीवर आदळते.

पणती भिंतीवर आदळते.

मी लिहिलं, 'कोण आहे?' उत्तर नाही. 'काय झालं?' नाही. पुन्हा तीच ओळ. खोलीत ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"पणती आपली सगळ्यात जुनी खेळाडू," दादा हळूच म्हणाला. "हा बोगदा तिला तोंडपाठ आहे. ती… धडकणार नाही."

"मग हे कोण आहे?"

नोंदी पाहिल्या. चार दिवस हेच चाललं होतं. रोज सकाळी सुरू, संध्याकाळी बंद. नवे खेळाडू भिऊन निघून जात होते. एकदा बक्षीस पाठवलं होतं म्हणून तिचा पत्ता दादाकडे होता. गाव एकच. निघालो.

तिसरा मजला. दार नुसतं लोटलेलं. आत पडदे ओढलेले, कोंदट वास, आणि त्या अंधारात कळफलकाची टकटक… टक… टक.

"आहे का कोणी?" दादाचा आवाज चिरकला.

टकटक थांबली. "कोण ते? दिवा लावा हो. मला लागत नाही, म्हणून विसरायला होतं."

मी बटण दाबलं. खुर्चीत एक आजी बसल्या होत्या, नजर भलतीकडेच. त्या आंधळ्या होत्या! टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं ऑपरेटर. त्यांचं यंत्र पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि त्या जोरावर त्या वीस वर्षं खेळत होत्या. माझी देखणी अक्षरं म्हणजे नुसती चित्रं होती. यंत्राची वाचाच बसली होती.

माझा जीव भांड्यात पडला, आणि लाजेने मान खाली गेली. तिथेच बसून मी खिडकी दुरुस्त केली. तासाभराने यंत्र खणखणीत बोललं, "तुम्ही बोगद्यात आहात." आजींनी टाळी वाजवली.

"तुम्हाला भूत समजून लोक पळाले, आजी," दादा म्हणाला.

"अगं बाई! आमचे हे सुद्धा मला इतके कधी घाबरले नाहीत!"

आम्ही पोट धरून हसलो. दादाने तर जाहीरच केलं की कुलूपबिलूप काही नाही, खेळ चालूच राहणार. निघताना आजींनी माझा हात धरला.

"ते तुम्ही पाठवलेले गृहस्थ फार धीराचे हो. चार दिवस मला वाट सांगत होते. भिंतीपाशी थांबू नका म्हणायचे, पलीकडे जागा आहे…"

"खेळात लिहून सांगायचे?"

"लिहिलेलं मला कसं कळणार? बोलून. इथे, खुर्चीच्या मागून, अगदी कानाशी. मघाशी तुम्ही जिना चढत होतात ना, तेव्हा म्हणाले, 'राहिलं थोडक्यात', आणि गप्प झाले."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीकडे पाहिलं.

खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली होती.