कुमुदबाईंचे लाल दिवे

शुक्रवारच्या बाजारात आता हिशेबावरून भांडण होत नाही. भाजीवालीच्या काट्यातली चिप आणि गिऱ्हाइकाच्या फोनमधली चिप उत्तर देण्याआधी एकाच मध्यवर्ती संगणक-केंद्राला विचारून घेतात. केंद्राचं उत्तर तेच सगळ्यांचं उत्तर. या सोयीला 'एकमत' म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक यंत्रात हीच चिप असते. तंटे मिटले म्हणून लोक खूश आहेत. मेंढरंही भांडत नाहीत म्हणा.

कृष्णाकाठच्या एका गावात कुमुदिनी चौगुले मात्र खूश नव्हत्या. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी जन्मभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. नदीलगत वळणरस्त्याचा उंच भराव झाला, तरी एकमताची पूररेषा जागची हलली नाही आणि कुंभार गल्ली तिच्या बाहेर, म्हणजे सुरक्षितच, राहिली. भराव पाणी तुंबवणार, हे बाईंना दिसत होतं. त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला.

"हाताचा हिशेब आता कोण धरतंय, बाई?" गल्लीचे पंच धोंडीराम कुंभार म्हणाले. "यंत्रानं सांगू दे, पावसाआधी गल्ली माळावर हलवतो."

मग बाईंनी एकमताची चिप नसलेला संगणक स्वतःच बांधायला घेतला. भंगारातले रेडिओ-टीव्ही फोडून ट्रान्झिस्टर काढले, कथलाने एकेक झाळून बेरजेची विद्युतमंडलं बनवली, आकडे धरून ठेवणारा स्मृतिफलक बनवला आणि उत्तरासाठी लाल दिव्यांची ओळ लावली. सगळं मिळून कपाटाएवढं झालं. त्यांचे यजमान अण्णाप्पा पिठाची गिरण चालवायचे. संध्याकाळी तेही झाळायला बसत. बाईंच्या पोळलेल्या बोटांना तूप लावत ते म्हणायचे, "अगं, एवढ्यात आपली गिरण गावाचं दळण उरकते."

"हे सावकाश दळतंय, पण आपलं आपण दळतंय," बाई म्हणायच्या.

यंत्र पुरं झालं, तेव्हा ते बघायला समाजमंदिरात गल्ली जमली. दिवे लुकलुकत राहिले आणि थांबले. बाईंनी उत्तर वाचलं, पुन्हा वाचलं. शेवटच्या आकड्यापर्यंत ते एकमताचंच होतं. गल्ली कोरडी राहणार होती. कुणी हसलं नाही, ते बाईंना जास्त लागलं. त्यांनी हात जोडले. "माझंच चुकलं. तुमचा वेळ घेतला."

"असू दे बाई. मन लावून केलंसा," धोंडीराम म्हणाले.

पाऊस लागला. बाईंनी यंत्र मोडायला काढलं. स्मृतिफलक उलटा केला, तर मागे नखाएवढी काळी चिप झाळलेली. ती त्यांच्या हातची नव्हती. अण्णाप्पा दारातच उभे होते.

"यंत्र समाजमंदिरात न्यायच्या दिवशी तू आंघोळीला गेलीस, तेव्हा मी चालवून बघितलं. तुझी ती आठवणीची पाटी आकडे गाळत होती. चारचौघांत तुझी फजिती नको, म्हणून बाजारातली चिप बसवली."

"अहो, मला विचारायचं तरी होतं."

बाईंना भयंकर राग आला. असला राग त्यांना उभ्या संसारात आला नव्हता, आणि त्या माणसाने तो मायेपोटी ओढवून घेतला होता. त्यांनी काळी चिप उपटून फेकली. स्मृतिफलकाच्या मूळ मंडलातला एक सांधा सुटला होता, बाकी काही नाही. तो झाळायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. दुपारी दिव्यांनी नवं उत्तर दिलं. पाणी गल्लीतल्या छपरांना लागणार होतं.

दोघं भिजत धोंडीरामकडे गेले. ओसरीवर गणपतीच्या मूर्ती मांडल्या होत्या आणि धोंडीरामांची नात रंग कालवत होती. अण्णाप्पांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"अण्णा, तवा ह्याच यंत्रानं गल्ली कोरडी सांगितली. बाईंनी सोत्ता हात जोडलं. एका यंत्राची दोन उत्तरं मी गल्लीला कशी सांगू?"

"पहिलं उत्तर यंत्राचं नव्हतं. मी बसवलेल्या त्या तुकड्याचं होतं."

"म्हंजे समद्यांचंच की."

धोंडीरामांचा फोन वाजला. धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना होती. खाली लिहिलं होतं, कुंभार गल्ली सुरक्षित. त्यांनी फोन बाईंपुढे धरला. त्यात खवचटपणा नव्हता. बाईंची काळजी मिटावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

बाईंनी वाचलं. रंग कालवणाऱ्या पोरीकडे त्या बघत राहिल्या.

"धोंडीराम," त्यांनी विचारलं, "हिला पोहता येतं का?"