पंचविसावा बिल्ला

मंगळवार, सहा मे. सकाळचे सात वाजून सदतीस मिनिटे. तरण तलावाच्या पाण्यात मुले तेवीस, सूर मारण्यासाठी काठावर एक. आणि भिंतीवरच्या फलकावर बिल्ले शून्य!

मोजपट्टीने पुन्हा मोजले. उत्तर बदलले नाही.

मोजपट्टी हे अर्थातच तिचे खरे नाव नव्हे. जिन्याच्या पायऱ्या, ताटातले मटार, घरामागून जाणाऱ्या आगगाडीचे डबे, दिसेल ते मोजण्याच्या सवयीमुळे आतेभावाने तिला ते बहाल केले होते. त्याच्या पाण्यातल्या लाथा पाहून तिनेही त्याला बेडूक ठरवले आणि फिटंफाट करून टाकली. सुट्टीसाठी ती आणि तिची सहा वर्षांची बहीण चिंगी आत्याकडे आल्या होत्या. तिघांनीही पोहण्याच्या वर्गात नाव घातले होते. पण मोजपट्टीचा कान दुखू लागला आणि डॉक्टरांनी तिला आठवडाभर पाणी वर्ज्य केले. म्हणून ती बाकावर, हातात वही घेऊन, मोजत बसली होती.

तलावाचा नियम सोपा होता. प्रत्येकाने आपल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला फलकावरच्या खिळ्याला अडकवून पाण्यात उतरायचे आणि बाहेर आल्यावर तो काढून पेटीत टाकायचा. फलकावर जितके बिल्ले, तितकी मुले पाण्यात. मग चोवीसच्या चोवीस बिल्ले गेले कुठे?

ते जीवरक्षकमामांच्या हातात होते! मामा आपल्या उंच खुर्चीवरून उतरून, पाण्याकडे पाठ करून, बिल्ले क्रमाने पेटीत लावत होते. पोहणे शिकवणारे सर खोल बाजूला मोठ्या मुलांना सूर मारायला शिकवत होते. त्यांची पाठ उथळ बाजूकडे होती.

'म्हणजे उथळ बाजूकडे पाहतंय कोण?' मोजपट्टीच्या मनात आले, आणि तिने तिकडे मान वळवली.

कठड्याला धरून पाय मारणाऱ्या छोट्या मुलांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. कठड्यापासून हातभर अंतरावर, जिथे तळ उतरता होतो तिथे, एक पिवळी टोपी वर आली, खाली गेली.

"बेडक्या! चिंगी!!"

काठावर उभा असलेला बेडूक धावला नाही. ओल्या काठावर धावले की घसरते हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने सरळ पाण्यात उडी घेतली, पाच लाथांत तो पिवळ्या टोपीपाशी पोहोचला आणि चिंगीला काखेत धरून कठड्याशी आला. चिंगी खोकली, मग रडली. रडणे ऐकून मोजपट्टीचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा कुठे सरांनी मागे वळून पाहिले.

"ए बेडूक! रांग सोडून उडी मारायची नाही, किती वेळा सांगायचं? चल, बाहेर बस!"

बेडूक बाहेर येऊन बाकावर बसला.

घरी आल्यावर दारात चपला काढताना चिंगीने जाहीर केले, "मी आता पाण्यात कध्धीच जाणार नाही. अंघोळपण तांब्यानेच करणार!"

"अगं, अंघोळ आपण तांब्यानेच करतो," बेडूक म्हणाला.

संध्याकाळी आत्या कामावरून आली, तेव्हा तिघांनी तिला सगळे सांगितले. आत्या कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीवर देखरेख करत असे. तिने चिंगीला मांडीवर घेतले, शेवटपर्यंत ऐकले आणि लगेच सरांना फोन लावला. सरांचा खणखणीत आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बाई, सोळा वर्षांत इथे कुणाला साधा ओरखडा नाही! मुलं थोडं पाणी पितातच. शेवटी फलक तपासूनच मी वहीत 'सर्व बाहेर' लिहितो."

आत्याने फोन ठेवला. "ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच वाटतंय की सगळं ठीक आहे. अशा माणसाला रागावून उपयोग नसतो. त्याला दाखवावं लागतं."

मग तिने पिशवीतून एक लाल कुलूप काढून टेबलावर ठेवले.

"यंत्राच्या आत हात घालण्याआधी आमच्याकडे प्रत्येक जण वीज बंद करून बटणावर आपलं स्वतःचं कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच खिशात. काम संपलं, बाहेर आला, की त्यानेच ते काढायचं. कारखान्याच्या मालकानेसुद्धा त्याला हात लावायचा नाही!"

"मालक घाईत असला तरी?" बेडकाने विचारले.

"घाईत असला तर मुळीच नाही."

मोजपट्टी ताडकन उठली. "आत्या, तिथं नेमकं तेच चुकतंय! बिल्ला पोराचा आणि काढतात मामा!"

"मग नीट पाहा, वेळेसकट लिहून ठेवा. चिंगी तोवर पाण्यात उतरणार नाही. आणि बेडूक, तू उथळ बाजूलाच थांब; छोट्यांवर लक्ष ठेव. शुक्रवारी माझी सुट्टी आहे."

बुधवारी मामा सात पस्तीसला उतरले, गुरुवारी सात चौतीसला. दोन्ही दिवशी पावणेआठच्या शिट्टीपर्यंत ते खुर्चीवर परतले नाहीत. दोन्ही दिवशी सरांनी कोऱ्या फलकाकडे एक नजर टाकली आणि वहीत सही ठोकली. डोकी मात्र कुणीच मोजली नाहीत.

गुरुवारी दुपारी ढब्बूरावांचा जन्म झाला! पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन गळ्यापर्यंत पाण्याने भरला, त्याला बेडकाची आखूड झालेली पोहण्याची चड्डी चढवली, झाकणावर जुना चेंडू घट्ट बांधला आणि चेंडूवर निळी टोपी ताणून बसवली. नाव चिंगीने ठेवले. बादलीतल्या चाचणीत ढब्बूराव टोपीपुरते वर राहिले.

"डोळे काढू?" चिंगीने खडू उचलला.

"नको गं. तोंड पाण्यातच असणार आहे त्याचं," बेडूक सहज बोलून गेला.

चिंगीने खडू खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी सात वाजता चिंगीचा चोवीस क्रमांकाचा बिल्ला सोडून तेवीस मुलांनी आपापले बिल्ले अडकवले. मोजपट्टीने पेटीतून आपला, पंचवीस क्रमांकाचा बिल्ला घेतला, मामांच्या डोळ्यांदेखत खिळ्याला अडकवला आणि कोरड्या कपड्यांनिशी बाकावर जाऊन बसली. चिंगी तिला चिकटून बसली. मामांनी जांभई दिली.

सात पस्तीसला मामा खुर्चीवरून उतरले. सात छत्तीसला बेडकाने काठावरची पिशवी उघडली आणि ढब्बूरावांना उथळ बाजूच्या शिडीजवळ अलगद सोडले.

"हा कोण?" शेजारच्या छोट्याने विचारले.

"नवीन विद्यार्थी आहे. लाजतो. बोलू नकोस त्याच्याशी!"

मामांनी बिल्ले काढायला सुरुवात केली. एकवीस, बावीस, तेवीस... आणि पंचवीस! तोही पेटीत गेला. मोजपट्टीने वहीत वेळ टिपली. तिला मनापासून वाटत होते, की आता तरी कुणीतरी वळून पाहावे आणि आपली युक्ती फसावी!

कुणी पाहिले नाही. पावणेआठला शिट्टी झाली. मुले भराभर बाहेर आली. त्याच वेळी आत्या तलावाच्या व्यवस्थापकबाईंना कार्यालयातून घेऊन आली. "दोनच मिनिटं पाहा," एवढेच तिने त्यांना सांगितले होते.

सरांनी फलकाकडे पाहिले, 'सर्व बाहेर' लिहिले आणि सही केली.

मोजपट्टी उठली. "सर, आता पाण्यात किती जण आहेत?"

"एकही नाही. फलक कोरा आहे, दिसत नाही का?"

"आणि उतरले किती होते?"

"तेवीस. तुझी बहीण आली नाही आज."

"मग मामा, पंचवीस क्रमांकाचा बिल्ला तुम्ही आत्ता फलकावरून काढलात, तो कुणाचा?"

मामांनी पेटीत पाहिले. "तुझाच की!"

"पण मी तर आठवडाभर या बाकावरच बसलेय. एकदाही पाण्यात उतरले नाही!"

मामांच्या चेहऱ्यावरचे हसू विरले. त्यांनी सावकाश मान वळवली. शिडीच्या सावलीत एक निळी टोपी, तोंड खाली, संथपणे डुलत होती.

घड्याळ, शिट्टी, कपडे, सगळ्यांसकट त्यांनी स्वतःला पाण्यात झोकून दिले! क्षणात ते टोपीपाशी पोहोचले, त्यांनी तिला छातीशी कवटाळून उलटे केले, आणि मग ते जागच्या जागी थांबले.

"कॅन..." ते म्हणाले. "कॅन आहे हा."

तेवीस मुलांपैकी एकही हसले नाही.

"त्याचं नाव ढब्बूराव आहे," चिंगी हळूच म्हणाली.

"तो बारा मिनिटं पाण्यात होता," मोजपट्टीने वही पुढे केली. "मंगळवारी माझी बहीण होती, सर. तिला बेडकाने काढलं, म्हणून तुम्ही त्याला बाहेर बसवलं."

सरांनी वही हातात घेतली आणि तीन दिवसांच्या नोंदी ओळ न् ओळ वाचल्या. मामा काठावर बसले होते.

"मला वाटायचं, सर बघतायत," ते म्हणाले.

"आणि मला वाटायचं, तुम्ही," सर म्हणाले.

"पण बिल्ले एवढ्या लवकर काढायचेच कशाला?" व्यवस्थापकबाईंनी कडक आवाजात विचारले.

मामांनी नुसतेच दाराकडे बोट दाखवले. तिथे छापील सूचना होती: 'आठच्या तुकडीसाठी फलक पावणेआठला कोरा असावा.' बाई जवळ गेल्या. खाली त्यांचीच सही होती! मग त्यांनी कागद काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्या मुलांकडे वळल्या.

"आठच्या तुकडीला उद्यापासून वेगळा फलक. बाकी काय बदलू? तुम्हीच सांगा."

"ज्याचा बिल्ला, त्यानेच काढायचा," मोजपट्टी म्हणाली. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. घाई असेल तर मुळीच नाही!"

आत्याने ओठांवरचे हसू लपवायला मान फिरवली.

"शेवटचं मूल बाहेर येईपर्यंत मामांनी खुर्ची सोडायची नाही," बेडकाने भर घातली.

"आणि सही करण्याआधी मी डोकी मोजेन. मोठ्याने," सर म्हणाले. ते बेडकासमोर येऊन उभे राहिले. "तू त्या दिवशी बरोबर होतास आणि मी चूक. सगळ्यांसमोर ओरडलो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. शाब्बास!"

बेडकाचे कान टोमॅटोसारखे लाल झाले.

मामा चिंगीसमोर ओल्या कपड्यांनी उकिडवे बसले. "चिंगूताई, पुन्हा पाण्यात येशील?"

चिंगीने बराच विचार केला. "तुम्ही माझ्याकडे बघत राहाल?"

"पापणीसुद्धा लवू देणार नाही!"

"पापणी लवली तरी चालेल. पाठ करू नका."

शनिवारी ती पाण्यात उतरली. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस तिने कठडा एकदाही सोडला नाही. चौथ्या दिवशी एक हात सोडला. ढब्बूरावांना तलावावर कायमची नोकरी लागली: दर सोमवारी मामा त्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यांतून 'वाचवू' लागले आणि सर हातात घड्याळ घेऊन वेळ मोजू लागले.

शुक्रवार, तीस मे, वर्गाचा शेवटचा दिवस. कान बरा झालेली मोजपट्टीही पाण्यात होती. चिंगीने कठडा सोडला आणि ती तलावाची रुंदी, पूर्ण बारा मीटर, एकटीने पार करून गेली. पलीकडच्या काठावर आत्या टाळ्या वाजवत होती. उंच खुर्चीवर मामा बसले होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, पण पाण्यावरची नजर न काढता.

मुले एकेक करून बाहेर आली. प्रत्येकाने आपला बिल्ला आपल्या हाताने काढला. सरांनी काठावरून डोकी मोजली, मोठ्याने, आणि मगच वही उघडली.

उतरलेली मुले पंचवीस. बाहेर आलेली मुले पंचवीस.